नंबराआधीची चांदणी

३ नोव्हेंबर

आजपासून मी सरकारमान्य. पत्र आलं, शिक्का आला, कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठाही आला. उभा जन्म बंदुकांच्या दुकानात दुसऱ्यांचा माल पुसण्यात गेला, आता उतारवयात कोणीतरी विचारलं म्हणायचं.

काम असं. लोकांच्या घरात आजा-पणजाच्या वेळच्या विलायती बंदुका पडून आहेत. नव्या नियमाप्रमाणे १९०० च्या आधी बनलेली बंदूक म्हणजे नुसती जुनी वस्तू. ती खुशाल भिंतीवर टांगा, परवाना नको. १९०० ची किंवा नंतरची असेल तर ते हत्यार, परवाना नसेल तर पोलीस ठाण्यात जमा. डिसेंबरअखेर मुदत. आणि साल ठरवणार कोण, तर मी. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, नक्षी बघायची, नंबर जुन्या यादीशी ताडून पाहायचा आणि साल लिहून सही ठोकायची.

ही म्हणाली, "म्हणजे बंदुकांचे जन्मदाखले तुम्ही देणार. माणसांचे मिळायला चपला झिजतात."

हिचं आपलं काहीतरीच. पण मनातून तीही खूश आहे. टेबलावरचा दिवा आपणहून पुसून दिला.

संध्याकाळी ताईचा फोन. भावोजींच्या वडिलांची दुनळी तपासायची आहे. "दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस, तूच ये," म्हणाली. दुसरा आहे कोण इथे पाठवायला.

६ नोव्हेंबर

ताईकडे जाऊन आलो. जिना चढताना वाटलं, इथे कोणी राहतं की नाही. पूर्वी खालपर्यंत भावोजींचा आवाज यायचा.

भावोजी खुर्चीत बसले होते. वजन चांगलंच उतरलंय. गेल्या वर्षी त्यांचा फर्निचरचा कारखाना जळाला, त्यात त्यांचा जुना मिस्त्री गेला. मागच्या दाराला कुलूप होतं. पण रीतसर चौकशी झाली, भावोजींचा काही दोष नाही असा निकाल लागला, कागद हातात आहे. मग आता कशाला झुरायचं? मी तसं बोलून दाखवलं. "निकाल तुमच्या बाजूने आहे ना, मग झालं तर." ते म्हणाले, "हो. कागदावर आहे." आणि परत खिडकीकडे बघत बसले. माणसाने इतकंही हळवं असू नये.

बंदुकीचं नाव काढलं तेव्हा मात्र उठले. स्वतः भिंतीवरून काढून माझ्या हातात दिली. आहाहा, काय वस्तू आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, दोन्ही बाजूंना बारीक वेलबुट्टी. भावोजींनी तेल देऊन इतकी जपली आहे की नळीत तोंड दिसावं. म्हटलं, घरात एका तरी गोष्टीत त्यांचा जीव आहे अजून.

चहा करायला ताई आत गेली आणि मला हाक मारली. नळ सोडला आणि मग बोलायला लागली. एरवी पाण्याच्या थेंबाला चिकट बाई, आज नळ मोकळा वाहत होता.

"तपासायला किती दिवस लागतात रे?"

"दोन-चार."

"महिना लागतो म्हण ना. दोन महिने म्हण. तोवर तुझ्याकडेच राहू दे."

"ताई, माझ्याकडे रांग लागायची आहे, महिनाभर काय तिची आरती ओवाळू?"

"आणि नवी निघाली, तर ते घेऊनच जातात ना? परत देत नाहीत ना?"

म्हटलं, काळजी करू नकोस, नवी निघणार नाही, मी बघताच ओळखली. तिने नळ बंद केला. सासऱ्याची ही बंदूक तिला कधीच आवडली नाही, तिथे तिला काचेचं कपाट हवं होतं. बायकांचे हिशोब वेगळेच असतात.

७ नोव्हेंबर

दिवसभर भावोजींची दुनळी. असा दिवस रोज यावा.

नळ्यांच्या मधल्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि फक्त रस्त्याचं नाव. घरक्रमांक नाही. याच कारागिराच्या नंतरच्या बंदुकांवर घरक्रमांकासकट अख्खा पत्ता असतो, तेव्हा ही आधीची. नंबर सापडायला वेळ लागला, चापाच्या पट्टीवर होता. सात हजार चारशे बारा. अंकांच्या आधी नक्षीतली एक बारीकशी चांदणी आहे, वेल तिथपर्यंत आलीच आहे, कारागिराला जागा रिकामी सोडवली नसेल. यादीत हा नंबर १८८९ सालात पडतो. बरोब्बर मध्यावर.

एकच गोष्ट जरा खटकली. नळ्या उतरवून खालून पाहिल्या तर तिथले चाचणीचे छाप नव्या पद्धतीचे आहेत, नव्या दारूसाठी तपासून मारलेले. ते १८८९ ला नव्हतेच. पण त्याचं उत्तर साधं आहे. जुन्या बंदुकीला पुढे कोणीतरी नव्या नळ्या बसवून घेतल्या. शौकीन लोक असं सर्रास करायचे. साल मोजायचं ते अंगाचं, नळ्यांचं नाही.

हिला दाखवली. हिने हात लावला नाही. "ताई काय म्हणत होत्या?" एवढंच विचारलं. मी कपाटाचं सांगितलं. ही म्हणाली, "कपाट? असं म्हणाल्या त्या?" म्हटलं, म्हणाली नाही, पण मला कळतं.

११ नोव्हेंबर

डोकं फिरलं आहे आज, म्हणून लिहून काढतो.

दुपारी ताई माझ्या कामाच्या खोलीवर आली. न सांगता, एकटी, घरातल्याच साडीवर. बसली नाही. दाखला लिहिला का विचारलं. म्हटलं, लिहायचाच आहे, १८८९, तुमची वस्तू तुमच्या घरी.

"नवी आहे असं लिही."

मला आधी वाटलं थट्टा करते आहे.

"म्हणजे खोटं लिहू?"

"हो."

"अगं पण कशासाठी?"

"मला ती घरात नको आहे."

"मग विकून टाका. माळ्यावर टाका."

"ते देणार नाहीत. तू लिहिलंस तर सरकार नेईल, मग त्यांचा इलाज चालणार नाही. माझ्यासाठी एवढं कर. मी कधी काही मागितलं आहे का तुझ्याकडे?"

नाही मागितलं, हे खरं. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. पण नोकरीला जेमतेम आठवडा झाला तोवर पहिलाच खोटा दाखला, तोही घरच्या माणसाचा? उद्या बभ्रा झाला तर काय तोंड दाखवू? मी ते सगळं तिला ऐकवलं. आवाज जरा चढलाच माझा. मग विचारलं, भीती वाटते का तुला तिची?

"वाटते."

म्हटलं, ताई, बंदूक काही आपोआप उडत नाही.

"आपोआप नाही रे," ती म्हणाली. मग बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तू त्यांच्याकडे नीट बघितलंस का, परवा आला होतास तेव्हा?"

"बघितलं की. वजन उतरलंय. डॉक्टरला दाखव, टॉनिक देईल."

तिने माझ्याकडे तसं पाहिलं, जसं मी लहान असताना वर्गात नापास होऊन आलो तेव्हा पाहिलं होतं. रागाने नाही. मग पदर सारखा करून निघून गेली. चहाही घेतला नाही. मला वाईट वाटलं, पण मी चुकलो असं काही वाटत नाही. ती मोठी बहीण आहे म्हणून साल बदलत नाही.

१३ नोव्हेंबर

दाखला दिला. भावोजी स्वतः आले घ्यायला, आणि काय सांगू, माणूस ओळखू येईना. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. माझ्यासाठी त्यांच्या पटाश्यांचा संच आणला होता, जुना, लाकडी मुठींचा, आगीतून वाचलेला. म्हटलं, अहो, हे कशाला, तुम्हाला लागेल. "मला आता काय करायच्यात," म्हणाले. "तुझा हात चांगला आहे, तुझ्याकडे राहतील." त्यांच्या तोंडून असं कौतुक मी प्रथमच ऐकलं.

बंदूक बासनात गुंडाळताना त्यांनी सहज विचारलं, "या नळ्यांत हल्लीचं काडतूस चालतं का रे?" मी खुलून सांगितलं. नळ्या बदललेल्या आहेत, छाप नव्या दारूचे आहेत, वगैरे वगैरे. फार लक्ष देऊन ऐकलं. जाताना पाठीवर थाप मारली.

हिला म्हटलं, बघ, वडिलांची आठवण परत मिळाली आणि माणूस उभा राहिला. ताईचं ऐकलं असतं तर?

ही पटाश्यांकडे बघत होती. म्हणाली, "हे परत देऊन या." भेट कोणी परत देतं का?

१९ नोव्हेंबर

रोज पाच-सहा बंदुका. बहुतेक भंगार. एकाने लोखंडी पाइपवर नाव कोरून आणलं होतं, स्पेलिंगसुद्धा धड नव्हतं. त्याला म्हटलं, बाबा रे, विलायतेतला कारागीर निदान स्वतःचं नाव तरी चुकत नाही.

ताईचा फोन नाही. रुसली असेल.

२२ नोव्हेंबर

आज दातांच्या डॉक्टरची बंदूक आली. भावोजींच्याच कारागिराची. मी हौसेने भिंग घेतलं आणि नंबर पाहिला.

सात हजार चारशे बारा.

एकाच कारागिराच्या दोन बंदुकांना एकच नंबर असू शकत नाही. परत पाहिला. तोच. चांदणी मात्र नाही. या बंदुकीचे घोडे बाहेर आहेत, जुन्या घडणीचे, नळ्यांखालचे छाप जुने, जसे १८८९ ला हवेत तसे. पट्टीवर घरक्रमांकासकट पूर्ण पत्ता. कोरीव काम खोल, हाताने सावकाश केलेलं.

जेवलो नाही. बसून विचार केला तेव्हा एकेक उलगडत गेलं. कारागिराने पुढे स्वस्त बंदुका काढल्या असणार. त्यांचे नंबर वेगळे चालवले, आणि ओळख म्हणून आधी चांदणी ठोकली. ती नक्षी नव्हती, खूण होती. पत्ता अपुरा, कारण कोरणाऱ्याला अक्षरामागे मजुरी, स्वस्त मालावर कोण जास्त अक्षरं कोरून घेणार? आणि नळ्या कोणी बदललेल्या नव्हत्या. पहिल्यापासूनच्याच होत्या. छाप खरं सांगत होते, मीच त्यांना गप्प बसवलं. त्या तऱ्हेचे छाप १९०४ नंतरचे.

भावोजींची दुनळी नवी आहे. हत्यार आहे. माझ्या सहीनिशी घरात टांगली आहे.

२३ नोव्हेंबर

हिला सांगितलं. ही उभीच राहिली. "आत्ता जा. घेऊन या ती."

म्हटलं, असं कसं? आधी दाखला रद्द करावा लागेल, कचेरीत अर्ज, कारण लिहावं लागेल. पहिल्याच महिन्यात चूक कबूल केली तर यादीतून नाव जाईल. आणि भावोजी आता कुठे हसायला लागलेत, त्यांच्या भिंतीवरची वस्तू मी जाऊन ओढून आणू? डिसेंबरअखेर मुदत आहे. तोवर सावकाश बघू. एक बंदूक भिंतीवर महिनाभर जास्त राहिली तर कोणाचं काय जातंय?

"मग मी ताईंना फोन करते."

मी तिला माझी शपथ घातली. ही रडली. एवढं रडण्यासारखं काय आहे मला समजलं नाही. नोकरी माझी जाणार होती.

२६ नोव्हेंबर

ताईचा फोन. रुसवा गेला म्हणायचा. भावोजी मिस्त्रीच्या बायकोला भेटून आले, म्हणे. खिडक्यांना रंग दिला. सगळी कपाटं आवरली. रात्री शांत झोपतात.

"मग बरंच आहे की," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "मला मात्र कसंतरीच होतंय. पूर्वी रडायचे ते बरं होतं." मग म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय? काही सांगायचं आहे का तुला?"

अगदी जिभेवर आलं होतं. म्हटलं, सर्दी झाली आहे.

२८ नोव्हेंबर

भावोजी गेले. सकाळी. ताई भाजी आणायला खाली उतरली होती.

४ डिसेंबर

लिहवत नव्हतं. अजूनही नाही.

मी पोचलो तेव्हा लोक जिन्यात उभे होते. ताई शेजाऱ्यांच्या दारात पायरीवर बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी तशीच. खिडक्यांना नवा पांढरा रंग होता. आत जाऊ देत नव्हते, मग मी कोण ते सांगितल्यावर इन्स्पेक्टरांनीच बोलावून घेतलं. भिंत रिकामी होती. बाकी जे पाहिलं ते इथे लिहिणार नाही.

ताई, तू काय सांगत होतीस ते आता समजलं. नळ का सोडलास तेही समजलं. माझ्यासारखा गाढव दुसरा नसेल. तुला भीती बंदुकीची नव्हती, आणि मी तुला बंदुकीबद्दल व्याख्यान दिलं.

ही मला एका शब्दानेही बोललेली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर

आज पोलीस ठाण्यात गेलो, ताईबरोबर. तिला बोलावणं आलं होतं. इन्स्पेक्टर भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, तपास संपला. मग टेबलाखालून लांबट पुडकं काढलं, वर माझ्या दाखल्याची प्रत टाचलेली.

"ही जुनी वस्तू आहे, हत्यारात मोडत नाही. त्यामुळे आम्हाला ठेवता येत नाही. वारस म्हणून तुम्हाला परत. इथे सही करा, ताई."

ताईने पुडक्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिने पेन हातात घेतलं. सांगितलं तिथे ती सही करणार होती, आणि मग ते ओझं हातात घेऊन त्या घराचा जिना एकटी चढणार होती.

मी म्हटलं, "थांबा. तो दाखला चुकीचा आहे."

सगळं सांगितलं. चांदणी, छाप, डॉक्टरची बंदूक. इन्स्पेक्टर लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं नाव यादीतून निघेल, कल्पना आहे ना? कदाचित पुढेही चौकशी होईल." म्हटलं, होऊ द्या. मी सही केली. पुडकं परत टेबलाखाली गेलं. ताईने पेन खाली ठेवलं.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली. ऊन होतं, रस्त्यावर नेहमीची वर्दळ. मला वाटलं आता ती बोलेल. तू लिहायला सांगितलंस ते खोटं नव्हतंच, खरं तेच होतं, हे मी म्हणायला हवं होतं.

"म्हणजे नवीच होती," ती म्हणाली.

"हो."

"कधी कळलं तुला?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. समोर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, त्याच्याकडे बघत होतो.

"काल," मी म्हणालो.

ताईने माझा हात हातात घेतला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा घट्ट. "बरं झालं बाबा, आधी कळलं नाही ते," ती म्हणाली. "नाहीतर तू जन्मभर स्वतःला खात बसला असतास. मी दुसऱ्याला बघितलंय तसं बसताना. तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक काय, कोणाच्याही हातून होते."

मी तिचा हात सोडवला नाही. मला स्वतःची शिसारी येत होती आणि तरी मी तिला घरापर्यंत हात धरून पोचवलं. तिने वर येऊन चहा घे म्हटलं. मी घेतला.

घरी आलो तर ही दारात वाट बघत होती. ताईंना काय सांगितलंत, एवढंच विचारलं. मी सांगितलं. ही आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, की काही दिवस ताईंच्या सोबतीला जाऊन राहते, आणि कपड्यांची पिशवी भरायला लागली. मी विचारलं, तिला सांगणार आहेस का? ही कपड्यांच्या घड्या घालत राहिली.